दिवे बदलण्याआधी मीटर वाचा: कोल्हापुरातल्या घरासाठी एलईडीचा हिशेब

शिवाजी पेठेतल्या आमच्या घराला दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती आहेत. उजेड येणार तो पुढच्या दारातून नाहीतर मागच्या परसातून. मधल्या माजघरात भर दुपारीही दिवा लागायचा. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा तिथे ६० वॅटचा पिवळा बल्ब असायचा. तो सकाळी डब्यांच्या घाईत लागायचा, दुपारची जेवणं उरकेपर्यंत असायचा आणि दिवेलागणीला पुन्हा सुरू व्हायचा. सगळे मिळून दहा तास कुठे गेले नाहीत.

एलईडी दिवे स्वस्त झाले तेव्हा मीही हौसेने आणले. न्हाणीघरातला बल्ब गेला होता, तिथे एक लावला. माळ्यावर एक, अडगळीच्या खोलीत एक. पुढच्या महिन्यात लाइटबिल होतं तिथेच. पेठेत तीस वर्षं वायरिंग करणारे आमचे वायरमन आले, त्यांना मी हेच विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, दिवा बदलला कुठला ते सोडा. तो जळतोय किती तास, ते बघा की." त्या दिवसापासून मी वही घातली. घर नवीन घेतलेल्यांना, नुकतं बिऱ्हाड थाटलेल्यांना आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरापोरींना उपयोगी पडेल ते सगळं त्या वहीतून इथे उतरवते आहे.

आधी युनिट समजून घ्या

१००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट पडतं. ६० वॅटचा जुना बल्ब १६ तास ४० मिनिटांत एक युनिट खातो. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी १११ तास चालतो तेव्हा कुठे एक युनिट होतं.

एवढा फरक पडतो तो उष्णतेमुळे. जुन्या बल्बमध्ये बारीक तार तापून लाल-पिवळी होते आणि मग उजळते. आत गेलेल्या विजेतली शंभरातली पाच टक्केही उजेड म्हणून बाहेर येत नाही, बाकी सगळी उष्णता. थंडीत पिल्लांच्या खुराड्यात लोक बल्ब लावून ठेवायचे, ते या उबेसाठीच. एलईडीत तार तापवायची भानगड नाही. अर्धवाहकाच्या चिमुकल्या स्फटिकातून वीज गेली की तो थेट प्रकाश देतो. लाल आणि हिरवे एलईडी पूर्वीपासून होते. निळा जमत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड होत नव्हता. तो जमवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या दिव्याच्या आत निळा एलईडीच असतो, त्यावर पिवळसर लेप दिलेला असतो आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं.

पायरी पहिली: मीटरसमोर उभं राहा

दुकानात जायच्या आधी हे करा. मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी ३२०० असा आकडा आणि पुढे 'इम्पल्स प्रति युनिट' अशा अर्थाची बारीक अक्षरं छापलेली असतात. तो ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर तोच धरा.

आता घरातली सगळी बटणं बंद करा. फ्रिज, टीव्हीचा प्लग, वायफायची पेटी, इन्व्हर्टर, सगळं. ठिपका थांबायला हवा. सगळं बंद असूनही तो चालूच राहिला तर एखादी वस्तू चालू राहिली आहे किंवा वायरिंगमध्ये कुठेतरी गळती आहे. त्यासाठी वायरमनलाच बोलवा, स्वतः बोर्ड उघडू नका.

ठिपका थांबला की एकच दिवा लावा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३२०० च्या मीटरला ११२५ भागिले सेकंद केलं की वॅट मिळतात. आकडा वेगळा असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागा, म्हणजे ११२५ च्या जागी काय धरायचं ते कळेल. घड्याळासाठी मोबाइल पुरतो. एकट्या ९ वॅटच्या दिव्याला फार वेळ लागतो, त्यामुळे तसले चार एकदम लावा आणि आलेल्या उत्तराला चारने भागा.

मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा दोन गोष्टींनी डोळे उघडले. हॉलमधल्या जुन्या जाड ट्यूबवर ४० वॅट लिहिलेलं होतं, पण ठिपका २१-२२ सेकंदांनी लुकलुकत होता. म्हणजे ५२ वॅट. वरचे १२ वॅट पट्टीतला तांब्याचा जड चोक खात होता. दुसरी गोष्ट देवघरातली. तिथे तांबडा झिरोचा बल्ब रात्रंदिवस असायचा. झिरो म्हणजे काहीच नाही, असंच घरातले सगळे धरून चालले होते. मीटरने ७५ सेकंदांना एक लुकलुक दिली, म्हणजे १५ वॅट. चोवीस तास आणि तीस दिवस धरले तर महिन्याला जवळजवळ ११ युनिटं देवघरात जात होती. तिथे आता अर्ध्या वॅटचा एलईडी आहे. तो महिन्याला अर्ध्या युनिटाच्याही आत राहतो. नंदादीप मात्र तेलाचाच आहे.

पायरी दुसरी: दिव्यांची वही

घरात फिरून प्रत्येक दिव्यासमोर वॅट आणि रोजचे तास लिहा. तास लिहिताना स्वतःशी खरं बोला, 'थोडा वेळ' असं लिहू नका. आमची पहिली यादी, न्हाणीघरात जुना बल्बच धरून, अशी होती:

ओसरीवरचा बल्ब, ६० वॅट, रात्रभर म्हणजे ११ तास.
माजघर, ६० वॅट, १० तास.
देवघर, १५ वॅट, २४ तास.
स्वयंपाकघराची ट्यूब, ५२ वॅट, ६ तास.
हॉलची ट्यूब, ५२ वॅट, ५ तास.
न्हाणीघर, ६० वॅट, १ तास.

प्रत्येक ओळीचा गुणाकार करून बेरीज केली तर दिवसाला सव्वादोन युनिटं, महिन्याला साधारण ६८. यात न्हाणीघराचा वाटा जेमतेम दोन युनिटांचा, आणि एलईडी मी सगळ्यात आधी तिथेच लावला होता. ओसरीचा एकटा बल्ब महिन्याला २० युनिटं घेत होता. तो सासऱ्यांनी चोरांच्या धाकाने रात्रभर ठेवलेला, म्हणून त्याच्याकडे कुणी दिवा म्हणून बघतच नव्हतं.

म्हणून क्रम वॅटवर लावू नका, गुणाकारावर लावा. सगळ्यात मोठा गुणाकार पहिला बदलायचा. माळ्यावरचा बल्ब आठवड्यातून दहा मिनिटं लागत असेल तर तो जाईपर्यंत राहू दे.

सगळे बदलल्यावर आमची यादी अशी झाली: ओसरीला ७ वॅट, माजघराला ९, देवघराला अर्धा, दोन्ही ट्यूबांच्या जागी २० वॅटच्या एलईडी पट्ट्या, न्हाणीघरात ९. तास तेच. महिन्याची बेरीज साधारण १२ युनिटं. ६८ वरून १२, म्हणजे ५५ च्या वर युनिटं वाचली.

ती ५५ युनिटं बिलात कुठून कमी होतात

नवख्या माणसाला हे कुणी सांगत नाही, आणि खरा फायदा इथेच आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा असतो: पहिली १०० युनिटं, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्याच्या वर. वाचलेली युनिटं नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातून आधी कमी होतात. उदाहरणादाखल २०२४-२५ चं दरपत्रक घ्या. पहिल्या टप्प्याला वीज आकार युनिटमागे ४ रुपये ७१ पैसे होता, दुसऱ्याला १० रुपये २९ पैसे, म्हणजे दुपटीहून जास्त. त्यावर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा आकार, १ रुपया १७ पैसे. दर बदलत राहतात, म्हणून तुमच्या ताज्या बिलावरचे आकडे घ्या. हिशेबाची रीत तीच राहते.

महिन्याला १५० युनिटं जाळणारं घर ९५ वर आलं, तर वाचलेल्या ५५ पैकी ५० युनिटं दुसऱ्या टप्प्यातली असतात. वहन आकार धरून त्या दराने ५० युनिटांचे ५७३ रुपये झाले, उरलेल्या पाचांचे २९ रुपये ४० पैसे, आणि त्यावरचं १६ टक्के वीज शुल्कही वाचलं. साधारण ७०० रुपये. आमच्या यादीतले सगळे दिवे मिळून हजाराच्या आसपास बसले होते. दीड महिन्यात वसूल.

पण ४० युनिटांतच भागवणाऱ्या एकट्या आजीबाईंच्या घरी याच दिव्यांचा फायदा रुपयांत कमी दिसेल, कारण त्यांची युनिटं आधीच स्वस्त टप्प्यातली असतात. शिवाय स्थिर आकार काही केलं तरी तेवढाच राहतो. अशा घरात मी फक्त रात्रभर चालणारा आणि देवघरातला असे दोनच दिवे बदलायला सांगते.

भाड्याने राहत असाल तर खोलीला वेगळा मीटर आहे, सबमीटर आहे की घरमालक ठरावीक रक्कम घेतात, हे आधी विचारून घ्या. सबमीटर असेल तर दर युनिटमागे किती, तेही ठरवून घ्या. दिवे तुम्ही आणले तर खोली सोडताना ते काढून न्यायचे आणि घरमालकांचे जुने परत लावायचे, हेही आधीच बोललेलं बरं.

पायरी तिसरी: दिव्याआधी उन्हाची सोय

कौलारू घर असेल तर दोन-तीन काचेची कौलं टाकून घ्या. आमच्या माजघरावर ती टाकल्यापासून दुपारचा दिवा बंद झाला. पावसाळा संपला की त्यांवरचं शेवाळ पुसून घ्यावं लागतं, एवढंच. भिंतींना पांढरा चुना किंवा फिकट रंग दिला तर तोच दिवा जास्त उजेड देतो. गडद निळ्या, हिरव्या भिंती उजेड पिऊन टाकतात. या गावाला उजेडाचं कौतुक जुनं आहे. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत यावीत, असं ते बांधलेलं आहे. आपल्या घरातही ऊन कुठून कधी येतं ते एक दिवस बसून बघावं आणि अभ्यासाचं टेबल तिथे सरकवावं.

पायरी चौथी: दुकानात काय वाचायचं

जुनी सवय वॅट विचारायची. एलईडीत उजेडाचा आकडा लुमेनमध्ये असतो, तो खोक्यावर छापलेला असतो. जुना ६० वॅटचा बल्ब ७०० लुमेनच्या आसपास उजेड द्यायचा. चांगला ९ वॅटचा एलईडी ८०० ते ९०० देतो. लुमेन भागिले वॅट करून बघा. ९० च्या वर उत्तर आलं तर दिवा चांगला. लुमेन छापलेलेच नसतील तर खोकं परत द्या.

त्यानंतर तारे बघा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं लेबल एलईडी बल्बवर सक्तीचं आहे, आणि जास्त तारे म्हणजे प्रत्येक वॅटमागे जास्त उजेड. भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांकही असतो, आणि तो सुरक्षिततेसाठी असतो. रस्त्यावर ढीग लावून विकणाऱ्याकडून मी एकदा सहा बल्ब आणले होते, त्यांवर यातलं काहीच नव्हतं. दोन महिन्यांत चार गेले. एलईडीतला स्फटिक सहसा जात नाही. जातो तो आतला ड्रायव्हर, म्हणजे वीज बदलून देणारा छोटा भाग. स्वस्त मालात तोच हलका असतो.

गॅरंटीचा कागद जपा आणि दिव्याच्या पांढऱ्या कंबरेवर मार्करने लावल्याची तारीख लिहा. ही सवय मला वायरमननीच लावली. वर्षाच्या आत दिवा गेला की बिल आणि तारीख दाखवली, दुकानदाराने काही न बोलता बदलून दिला.

भाव पूर्वी आडवा यायचा, तो आता येत नाही. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या केंद्राच्या उजाला योजनेत सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली, ३६ कोटींहून जास्त बल्ब देशभर वाटले आणि त्या रेट्याने बाजारातलेही भाव उतरले.

रंग हा आवडीचा भाग असला तरी थोडा विचार करा. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन असेल तर उजेड पिवळसर, ६५०० असेल तर पांढराफटक, ४००० मधला. निजायच्या खोलीत पिवळसर बरा. ओसरीवरही मी पिवळसरच लावला, कारण पांढऱ्या-निळसर उजेडावर पावसाळ्यात किड्यांची झुंबड उडते, पिवळ्यावर कमी येतात. स्वयंपाकघरात मात्र आणखी एक आकडा बघा, सीआरआय नावाचा. रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. तो ८० च्या खाली असेल तर आपली तांबडी चटणी विटकरी दिसते आणि कोथिंबीर मलूल. मिरची भाजताना ती करपली की नाही हे रंगावरून ओळखायचं असतं, तिथे दहा रुपये वाचवू नयेत.

पायरी पाचवी: लावताना

मेन स्विच बंद केल्याशिवाय होल्डरला हात लावू नका, नुसतं दिव्याचं बटण पुरत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी चुकून वीज आणणाऱ्या फेज वायरऐवजी परतीच्या न्यूट्रल वायरवर बसवलेलं असतं, तेव्हा बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज असते. त्याची एक खूण आहे. रात्री बटण बंद केल्यावरही एलईडी मंद मिणमिणत राहतो. बटणात लाल इंडिकेटर असेल तरीही तसं होतं आणि त्यात धोका नाही, पण इंडिकेटर नसताना मिणमिणला तर वायरमनला दाखवा.

काचेच्या बंद गोळ्यात एलईडी कोंडू नका. दिवा स्वतः फार तापत नाही, पण जी थोडी उष्णता होते ती बाहेर जायला वाट नसेल तर ड्रायव्हर लवकर जातो. पंख्यासारखा रेग्युलेटर असलेल्या बटणावर साधा एलईडी लावला तर तो फडफडतो. त्यासाठी डिमरवर चालणारा, तसं खोक्यावर लिहिलेला दिवा लागतो. जुन्या ट्यूबच्या जागी चोक-स्टार्टर तसेच ठेवून नळी बदलण्यापेक्षा सरळ नवी एलईडी पट्टी घ्या. चोक राहिला तर तो वीज खातच राहतो.

आणि आपल्या गावासाठी खास. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या घरांत पंचगंगेचं पाणी शिरलं, त्यांना हे सांगायला नको. पाणी ओसरल्यावर भिंती वरून वाळल्यासारख्या दिसतात, पण पाइपात आणि बोर्डात ओल राहते. वायरमनने तपासल्याशिवाय मेन चढवू नका. घरात गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी बसवला नसेल तर दिव्यांच्या आधी तो बसवा.

काढलेले सीएफएल दिवे आणि ट्यूब फोडू नका, त्यात थोडा पारा असतो. नव्या दिव्याच्या खोक्यात जुना घालून ई-कचऱ्यासाठी वेगळा द्या. फुटलाच तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर जा, मग जाड कागदाने तुकडे उचला. केरसुणी फिरवू नका.

नव्या फ्लॅटवाल्यांनी हे बघा

आर. के. नगर, कळंबा, फुलेवाडीकडच्या नव्या फ्लॅटांत जुने बल्ब नसतातच, सगळं एलईडी. तरीही बिल का वाढतं, असं भाची विचारत होती. तिच्या हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये १२ वॅटचे १२ दिवे होते, सगळे एकाच बटणावर. १४४ वॅट, रोज पाच तास, म्हणजे महिन्याला २१ युनिटांच्या वर. आमच्या हॉलची २० वॅटची पट्टी तेवढ्याच तासांत ३ युनिटं घेते. दिवा स्वस्त चालतो म्हटल्यावर आपण दिवे वाढवतो आणि लावून विसरतो. तिने वायरमनकडून तीन बटणं करून घेतली: चार कोपऱ्यांतले, चार मधले, चार टीव्हीकडचे. पाहुणे आले तरच सगळे लागतात.

महिनाभराने

मीटरचं रीडिंग दर महिन्याच्या एकाच तारखेला वहीत लिहा. तुलना मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. एप्रिलात पंखे चोवीस तास असतात, नोव्हेंबरात नाहीत. मागच्या महिन्यांचा वापर बिलावर छापलेला असतोच. बिल सरासरीने आलेलं असेल, म्हणजे रीडिंग न घेता काढलेलं असेल, तर त्यावरून काही ठरवू नका. वहीतलं रीडिंग खरं.

दिवे १२ युनिटांवर आले की वहीत दुसऱ्या ओळी मोठ्या दिसू लागतात. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिटं. २००० वॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला तर ३०. आमच्याकडे पाणी अजून बंबावर तापतं, त्यामुळे गिझरची ओळ नाही. पण पंखे तीन आहेत. ३० वॅटवर फिरणारे बीएलडीसी पंखे महाग आहेत, म्हणून सगळ्यात जास्त तास फिरणारा, माजघरातला, यंदा पाडव्याला बदलला. उरलेल्या दोघांचे तास वहीत लिहिणं चालू आहे.